उसवलेलं रेशीम

जुना किमोनो उसवायला घेतला की लक्षात येतं, याला मुळात कुणी फारसं कापलेलंच नाही. खांद्यावर शिवण नाही, काखेत गोलाई नाही, कळ्या नाहीत. ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद आणि साधारण १२ मीटर लांब अशी एक पट्टी मागावरून उतरते. तिला तानमोनो म्हणतात, आणि एका माणसाचा एक किमोनो त्या एका पट्टीत बसतो. आडवे काप घेऊन दोन बाह्या निघतात, आणि पुढून खांद्यावर चढून मागे उतरणारे अंगाचे दोन लांब तुकडे. उरलेली पट्टी मधोमध उभी चिरायची. तिच्यातून पुढच्या बाजूच्या दोन अरुंद पट्ट्या, गळपट्टी आणि गळपट्टीवर मळ झेलायला लावलेली आणखी एक पट्टी. झाले आठ तुकडे, सगळे काटकोनी. मानेपाशी एक सरळ चीर देतात, तेवढीच काय ती कापडाच्या पोटात शिरलेली कात्री.

आपल्याकडे ब्लाउज शिवणाऱ्या बाईंच्या पायाशी संध्याकाळपर्यंत कतरणांचा ढीग साठतो. किमोनो शिवणाऱ्या बाईच्या पायाशी काहीच पडत नाही. नेसणारी बारीक असली तर जास्तीचं कापड शिवणीत आत दुमडून ठेवायचं, कापायचं नाही. अशी माया बाजूच्या शिवणीत असते, कमरेच्या आत असते, गळपट्टीतही असते. लहान मुलांच्या किमोनोत तर खांद्यावर आणि कमरेवर उघडउघड टक घातलेले असतात. पोर वाढलं की टक सोडायचे. शिलाई हाताची, साध्या धावदोऱ्याची, आणि दोरा फार आवळलेला नाही. कुणीतरी कधीतरी हे उसवणार हे शिवणारीने धरूनच ठेवलेलं असतं.

माझ्यासारखी एखादी बाई, जी किमोनो नेसत नाही पण त्याच्या कापडाच्या उशा, टेबलावरच्या पट्ट्या, दारावरचे नोरेन शिवत बसते, ती या व्यवस्थेत नेमकी कुठे बसते, हा प्रश्न मला सुरुवातीपासून सतावतो. मी पुढची आहे की शेवटची? कारण उसवणं हा किमोनोच्या आयुष्यातला नेहमीचाच भाग होता. नीट धुवायचा तर तो पूर्ण उसवत, आठही तुकडे पुन्हा टोकाला टोक जोडून मूळची लांब पट्टी करत, धूत, आणि फुनोरी नावाच्या समुद्रशेवाळाची खळ देऊन वाळवत. वाळवायच्या दोन रीती होत्या. एक लांब फळीवर चिकटवून. दुसरी अंगणात दोन खांबांमध्ये पट्टी ताणून, आणि तिच्या खालून दोन्ही टोकांना सुया असलेल्या बांबूच्या लवचिक काड्या काठापासून काठापर्यंत कमानीसारख्या अडकवून, म्हणजे रुंदी आक्रसत नाही. या सगळ्याला आराइहारी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपर्यंत हे काम पुष्कळ घरांतल्या बायका करत, आणि ते करून देणारे व्यावसायिक आजही आहेत. वाळलेली पट्टी पुन्हा शिवताना आतलं बाहेर करायचं, विटलेला भाग आत दडवायचा, खालची कड झिजली असेल तर तुकडा उलटा फिरवायचा. आयताचा हा फायदा. त्याला वरखाली नसतं.

मी मात्र उसवते, धुते, आणि मग कात्री घेते. तिथे साखळी तुटते. म्हणून माझं धोरण असं, की कात्री शेवटी उचलायची आणि तोवर रुंदी सांगेल ते ऐकायचं.

रुंदी बरंच सांगते. आपल्याकडची सोळा इंची उशी म्हणजे चाळीस सेंटिमीटर. एका पट्टीत ती बसत नाही, थोडक्यात हुकते. मग मधे दुसऱ्या कापडाची फट भरायची किंवा उशीच लहान करायची. मी उशी लहान करते. पुण्याची माझी मैत्रीण दिवाणखान्याच्या खिडकीला किमोनोच्या रेशमाचे पडदे हवेत म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, "अगं, सहा पट्ट्या जोडून पडदा केला तर त्यात पाच उभ्या शिवणी दिसणार, आणि तुझ्या पश्चिमेच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत त्याची जाळी होईल." ती म्हणाली, "मग तुमच्या जपान्यांच्या खिडक्या केवढ्या असतात?" त्यांच्या खिडक्यांना कागद असतो, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

नोरेन मात्र याच रुंदीतून जन्मलेली गोष्ट. दोन, तीन, पाच पट्ट्या शेजारीशेजारी, वर जोडलेल्या आणि खाली मोकळ्या, म्हणजे डोकं घालून आत जाता येतं. फुरोशिकीची, म्हणजे वस्तू बांधून न्यायच्या फडक्याची, मापंही पट्टीच्या पटीत सांगतात. दोन पट्ट्या जोडलेली फुरोशिकी जवळपास सत्तर सेंटिमीटरची चौकोनी, भेटीची मिठाई किंवा दारूची बाटली बांधायला पुरेशी. आणि बसायच्या झाबुतोनची मापं तर कापडांच्या नावानेच चालतात. ५५ बाय ५९ सेंटिमीटरची बैठक म्हणजे मेइसेन-बान, तिच्याहून मोठी ५९ बाय ६३ ची हात्तान-बान. कुठलीच पूर्ण चौकोनी नाही. चार बाजूंपैकी एका बाजूला शिवण नसते, तिथे कापड नुसतं दुमडून येतं, आणि ती बाजू पाहुण्याच्या गुडघ्यांकडे, म्हणजे पुढे ठेवायची. पाहुण्याला हे सांगत नाहीत. त्याच्यासाठी बैठक आधीच तशी मांडलेली असते.

कापड मिळवायला मी बाजारात जाते. क्योतोत दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी मंदिरात आणि २५ तारखेला कितानो तेनमांगुच्या आवारात जत्रा भरते. २१ तारीख कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांची पुण्यतिथी म्हणून. २५ ही सुगावारा नो मिचिझाने या नवव्या शतकातल्या विद्वान मंत्र्याची, जो बदनाम होऊन हद्दपारीत मेला आणि पुढे विद्येचा देव झाला. परीक्षेला बसणारी मुलं त्याच्या देवळात नवस बोलतात आणि बाहेर आम्ही जुन्या कपड्यांच्या ढिगाऱ्यात हात घालून उभ्या. चांगले किमोनो बांबूच्या दांडीवर टांगलेले, मधले घड्या घालून मांडलेले, आणि सगळ्यात खाली ताडपत्रीवर ओतलेला ढीग, जिथला एक किमोनो एका साध्या जेवणाच्या किमतीत मिळतो. विकणारे म्हातारे असतात आणि गिऱ्हाइकाला एक प्रश्न हमखास विचारतात: नेसायचाय की शिवायचाय? शिवायचाय म्हटलं की ते डाग लपवत नाहीत, उलट दाखवतात, आणि भाव उतरवतात. नेसणारीला डाग नडतो, आमचं तसं नसतं. एकाने तर माझ्या हातातला धडधाकट किमोनो काढून घेतला आणि फाटका दिला. कोणता नेसण्याजोगा आणि कोणता कापण्याजोगा, हे त्याचं त्याने ठरवलेलं होतं. मला ते आवडलं.

एवढे किमोनो येतात कुठून? एक लाट युद्धानंतरची. १९४५-४६ मध्ये शहरांत खायला नव्हतं आणि शिधापत्रिकेवरचं धान्य पुरत नव्हतं. शहरातल्या बायका आगगाडीने खेड्यात जात आणि एकेक किमोनो देऊन तांदूळ, रताळी आणत. अंगावरचे एकेक पदर उतरत जातात म्हणून त्या जगण्याला लोक ‘बांबूच्या कोंबाचं जगणं’ म्हणत. त्या काळात कित्येक शेतकऱ्यांच्या पेट्यांत शहरी रेशीम जाऊन बसलं. दुसरी लाट आजची, आणि ती कधी थांबेल असं दिसत नाही. आजी जाते, तिची किरी लाकडाची कपाटं उघडतात, आत जाड कागदाच्या पाकिटांत एकेक किमोनो घडी घालून ठेवलेला. मुली-सुनांना नेसता येत नाही, नातींची उंची जास्त. मग ढीग थेट जत्रेत. ढिगातून बाहेर आला की त्याला कापराचा वास असतो. हा वास आपल्याला देवघराची आठवण देतो, त्यांना कपाटाची.

उशांसाठी मला सर्वांत आवडतं ते मेइसेन. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत जपानच्या पोरीबाळी, शाळेतल्या शिक्षिका, दुकानांतल्या कामाच्या बायका रोज नेसत ते हे कापड. रेशीमच, पण उत्तम कोषांतून अखंड उकललेलं नव्हे. जोडकोषांचं, तुटक्या धाग्यांचं, कातलेलं रेशीम, म्हणून स्वस्त आणि टिकाऊ. तोक्योच्या उत्तरेला इसेसाकी, चिचिबु, आशिकागा, किर्यू, आणि पश्चिमेला हाचिओजी, ही त्याची गावं. त्यांनी एक युक्ती काढली. ताणा आधी आडव्या धाग्यांनी सैलसर, तात्पुरता विणून घ्यायचा, त्यावर स्टेन्सिलने रंग छापायचा, मग ते तात्पुरते धागे ओढून काढत काढत खरा बाणा घालून पुन्हा विणायचं. छापताना सरळ असलेले धागे विणताना केसभर सरकतात, म्हणून फुलाच्या कडा थरथरलेल्या दिसतात. आपल्या तेलंगणातल्या पोचमपल्लीच्या इकतात जसा काठ विरघळतो तसा, पण इथे धागे एकेक बांधून रंगवण्याचा त्रास नाही, त्यामुळे एका वेळी पुष्कळ कापड होतं. एकदा हा त्रास टळल्यावर नक्षीकारांना आवर राहिला नाही. हातभर मोठे गुलाब, जांभळ्यावर पिवळे बाण, युरोपातल्या नव्या चित्रांवरून उचललेले त्रिकोण आणि चकत्या. किमोनो म्हणजे संयत, फिक्या रंगांचं काहीतरी, असं ज्यांना वाटतं त्यांना मेइसेनचा ढीग दाखवावा. इतकं बिनधास्त कापड बैठकीच्या खोलीत एका उशीपुरतंच सोसतं, आणि तिथे ते फार शोभतं. शिवाय ते पेलतं. मेइसेन हे झाबुतोनचं आणि पांघरुणाचंही कापड होतंच, बसण्याची त्याला सवय आहे.

चिरिमेनचं तसं नाही. चिरिमेन म्हणजे क्रेप. आडवे धागे जबरदस्त पिळून घेतात, एक उजवा पीळ, एक डावा, आणि विणून झाल्यावर कापडाला उकळत्या साबणाच्या पाण्यात घातलं की पीळ सुटायला धडपडतो आणि अंगभर बारीक सुरकुत्या उठतात. क्योतो प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर तांगो नावाचा भाग आहे, पावसाळी आणि दमट, तिथे १७२० पासून हे विणतात. कोरड्या हवेत पिळलेला धागा तुटतो, म्हणून तांगोची ओल या कामाला लाभली. आता हाच चिरिमेन तुम्ही घरी पाण्यात बुडवला की तो पुन्हा आक्रसतो, हातभराचा वीतभर होतो असं म्हटलं तरी फार अतिशयोक्ती नाही. म्हणून चिरिमेनच्या वस्तू धुवायच्या नसतातच. त्याच्या उशा करू नयेत असं माझं मत. त्याचे ओतेदामा करावेत, म्हणजे चार आयत एकमेकांना वळवून शिवायचे आणि आत लाल चवळीसारखे आझुकीचे दाणे भरायचे. मुली ते उडवून झेलतात. किंवा इझुच्या इनातोरी गावात मार्चच्या बाहुल्यांच्या सणाला टांगतात तशा माळा कराव्यात: कापडाचे ससे, पीच, माकडं, मिरच्या, लाल दोऱ्यांवर ओवलेल्या. गरीब घरात बाहुल्या परवडत नसत, म्हणून आया-आज्या चिंध्यांमधून हे शिवत. यात चिरिमेनची सुरकुती कामाला येते. कापड थोडं ताणतं आणि माकडाच्या गालावर नीट बसतं.

ओबीबद्दल, म्हणजे किमोनोवर कमरेला बांधायच्या पट्ट्याबद्दल, माझी तक्रार आहे. रुंदी तीस सेंटिमीटरच्या आसपास, लांबी साडेतीन मीटरहून अधिक, जाड आणि जरीची. कुणालाही वाटतं, ही तर टेबलावरची पट्टी तयारच आहे, अंथरली की झालं. परदेशी घरांच्या मासिकांत तेच दिसतं: लांब जेवणाचं टेबल, मधोमध सोनेरी ओबी, वर मेणबत्त्या. मेणबत्त्या! निशिजिनच्या ओबीतलं सोनं म्हणजे बहुधा कागदावर चिकटवलेला सोन्याचा वर्ख, केसासारख्या पट्ट्या कापून एकेक करून बाण्यात घातलेला. त्यावर मेणाचा एक थेंब पडला की गेलं. निशिजिन हा क्योतोचा विणकरांचा भाग. पंधराव्या शतकातल्या ओनिनच्या युद्धात पश्चिमेकडच्या सैन्याची छावणी तिथे होती, आणि युद्ध संपल्यावर पांगलेले विणकर तिथे परतले. १८७२ मध्ये तिथून माणसं फ्रान्सच्या लियोंला पाठवली गेली आणि त्यांनी जाकार्डचे माग आणले. म्हणजे ओबीत जे ‘अस्सल जपानी’ सोनं आपण पाहतो त्यातलं पुष्कळसं फ्रेंच यंत्राच्या मदतीने विणलेलं आहे.

ओबीत आणखी एक गंमत असते. नागोया नावाच्या प्रकारच्या ओबीवर बहुतेकदा चित्र दोनच जागी असतं, पाठीवरच्या चौकोनी गाठीवर एक मोठं आणि पोटावर एक लहान. मधलं सगळं कोरं. नेसल्यावर कोरा भाग आत गुंडाळला जातो. टेबलावर अंथरलं की भलत्याच जागी एक बगळा येतो आणि मग हातभर नुसतं तपकिरी. मी पाठीचा चौकोन घेऊन उशी करते, जवळजवळ तीस बाय तीसची, आणि कोऱ्या भागाची मागची बाजू. ओबी ज्या रीतीने चित्र मांडते त्या रीतीने उशी झाली की ती बरी दिसते. मधे कुठे पंख तोडावा लागत नाही.

पंख तोडण्यावरून तोमेसोदे नावाचा किमोनो आठवतो. काळाभोर, पाच जागी घराण्याची खूण, आणि कमरेखालीच नक्षी, असा तो लग्नात मुलाच्या नाहीतर मुलीच्या आईने नेसायचा. बाजारात हे ढिगाने येतात. नक्षी शिवणींवरून अखंड वाहते, म्हणजे क्रौंच एका तुकड्यावर सुरू होतो आणि दुसऱ्यावर संपतो. कारागिराने कापड आधी कापून, कच्चं शिवून, वर चित्राची रेघ ओढून घेतलेली असते, मग पुन्हा उसवून रंगवलेलं असतं. असं काम उशीसाठी कापणाऱ्याला मी काही बोलत नाही, पण त्याच्या घरी गेले की त्या उशीला टेकत नाही. खालचा अखंड भाग तसाच ठेवून भिंतीवर टांगावा, वरचा काळा भाग हवा तसा वापरावा. राहता राहिली घराण्याची खूण, दोनेक सेंटिमीटरचं पांढरं वर्तुळ, आत एखादं पान नाहीतर फूल. काही जण ते मुद्दाम उशीच्या मध्यावर घेतात. कुणाच्या तरी सासरचं बोधचिन्ह आपल्या सोफ्यावर मांडण्याचं धाडस मला होत नाही. मी ते शिवणीत घेते.

‘पुनर्वापर’ या गोष्टीचं हल्ली फार गोड कौतुक होतं, तेव्हा मला उत्तरेकडचे लोक आठवतात. एदोच्या काळात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, जुन्या कपड्यांची मोठी पेठ होती. तोमिझावा-चो या मोहल्ल्यात आणि यानागिवाराच्या बांधावर दुकानंच दुकानं. किमोनोचा पोराचा किमोनो, त्याचं पांघरूण, त्याचा लंगोट, त्याचं फडकं, मग चुलीत, आणि चुलीतली राखसुद्धा विकत घेणारे फिरते व्यापारी. इथवर कौतुक ठीक आहे. पण सगळ्यात खालचा माल ओसाकाहून बोटींनी जपानी समुद्राच्या किनाऱ्याने उत्तरेला जाई, आओमोरीकडे, जिथे थंडीमुळे कापूस होत नाही. तिथले शेतकरी तागासारख्या कापडावर या सुती चिंध्यांचे थर घालत, पुन्हा पुन्हा शिवत, एकाच पांघरुणात घरातली दोन-तीन पिढ्यांची माणसं झोपत. आज त्यालाच बोरो म्हणतात, आणि ते परदेशी दालनांत काचेआड लावतात, भारी किमतीला विकतात. चुझाबुरो तानाका नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभर आओमोरीत हिंडून ही पांघरुणं जमवली, नाहीतर पुष्कळशी जाळलीच गेली असती, कारण ज्यांची ती होती त्यांना त्यांची लाज वाटत असे. आपल्या गोधडीचंही आता प्रदर्शन भरतं. ठीक आहे, पण गोधडी कुणी हौसेने थंडीत कुडकुडत शिवली नव्हती. मी करते ती हौस आहे. ती आणि ती गरज एका पंगतीत बसवू नये.

हौस नाही, गरज नाही, अशी एक तिसरी वाटही जपानी रेशमाला होती. घरातलं कुणी गेलं की त्याचा, विशेषतः तिचा, उत्तम किमोनो मंदिराला देत. मंदिरात त्याची देव्हाऱ्यापुढच्या चौरंगावर घालायची चौकोनी नाहीतर त्रिकोणी वस्त्रं होत, ज्यांना उचिशिकी म्हणतात, आणि अस्तरावर शाईने दिलेल्याचं नाव, तारीख, कुणाच्या स्मरणार्थ ते लिहीत. अशी जुनी वस्त्रं आज संग्रहालयांत आहेत, आणि किमोनोच्या इतिहासाचे अभ्यासक त्या तारखांवर भिस्त ठेवतात. कारण किमोनोवर कुणी तारीख लिहीत नाही. किंवा त्या रेशमाचा भिक्षूंसाठी केसा होई, म्हणजे आपलं काषाय. तुकडे जोडून उभे-आडवे बांध दिसतील असं ते वस्त्र शिवतात. बौद्धांच्या विनयग्रंथात त्याची गोष्ट आहे: बुद्धांनी आनंदाला मगधातली बांधांनी आखलेली भातशेतं दाखवली आणि भिक्षूंची चीवरं अशी करता येतील का, म्हणून विचारलं. बिहारच्या शेतांचा तो नकाशा चीन-कोरिया करत जपानला पोचला आणि क्योतोच्या कुणा नर्तकीच्या नाहीतर सरदारपत्नीच्या रेशमातून शिवला जाऊ लागला. दान दिलेलं उंची रेशीमसुद्धा आधी फाडून तुकडे करायचं, मग जोडायचं. तुकडे केल्याशिवाय ते भिक्षूचं होत नाही. कानाझावाकडे अशक्त बाळासाठी शंभर घरांतून तुकडे मागून किमोनो शिवत, शंभर घरांचं बळ बाळाला मिळावं म्हणून. बाळ जगलं की तो देवळाला द्यायचा.

आणि हे सगळं एकाच दिशेने वाहत नव्हतं. जपान्यांनी आपल्याकडचं कापडही असंच जपून, तुकड्यातुकड्याने वापरलं. पोर्तुगीज आणि डच जहाजांतून गुजरातचं आणि कोरोमंडल किनाऱ्याचं छापील, रंगवलेलं सुती कापड गेलं, त्याला ते सारासा म्हणत. चहाच्या समारंभातल्या पूडपात्राला घालायच्या चिमुकल्या पिशव्या त्यातून शिवल्या, तंबाखूचे बटवे शिवले. हिकोनेच्या ई या सरदार घराण्याने त्याचे नमुने जमवले होते. साडेचारशेच्या आसपास तुकडे आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. बरेचसे रुमालाहूनही लहान. आणि यात एक आपलं गाव आहे. सामुराईंच्या हाकामासाठी, म्हणजे त्यांच्या घोळदार चुणीदार विजारीसाठी, एक पातळ, करकरीत, पट्ट्यापट्ट्यांचं रेशीम नावाजलेलं होतं. त्याला चाउ म्हणत, कारण ते चौलहून आलेलं. होय, अलिबागजवळचं चौल, जिथे आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि शेजारी रेवदंड्याच्या किल्ल्याची पडकी भिंत. पोर्तुगीजांच्या काळात चौलचं रेशीम दूरवर जात होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतोच्या विणकरांनी त्याची नक्कल करून ते स्वतःच विणायला घेतलं, आणि चौलच्या मालाची गरज संपली. १७४० मध्ये मराठ्यांनी रेवदंडा घेतला तेव्हा क्योतोत चाउ विणणाऱ्यांना हे गाव कुठे आहे याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. बाजारात मला चाउचा एखादा खरा तुकडा मिळेल म्हणून मी पट्टेदार रेशीम उलटंसुलटं करून पाहते. मिळणार नाही, मिळाला तरी मला ओळखता यायचा नाही, पण पाहते.

उसवताना आत काय निघेल याचा नेम नसतो. बायकांच्या जुन्या किमोनोत बहुधा लाल अस्तर निघतं, मोमी. पूर्वी ते करडईच्या फुलांनी रंगवत. आधी हळदीने पिवळं करायचं, त्यावर करडईचा लाल, म्हणून त्या लालात खोल कुठेतरी पिवळेपणा असतो. सोलापूरकडे करडई तेलासाठी पेरतात, जपानच्या यामागातात फुलांसाठी. पुढे रासायनिक रंग आले आणि मोमी स्वस्त झालं, पण पाणी लागलं की रंग सोडणं दोघांचंही सारखंच. त्याची उशी केली तर पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ठसा उमटेल. जपानी बायका त्याच्या इवल्या पिशव्या करून तांदळाचा कोंडा भरत आणि न्हाणीत अंगाला लावत. तो उपयोग मी केला आहे. झकास होतो. मुंबईहून आलेल्या मावशीने ती पिशवी पाहून विचारलं, "अगं, रेशमाचं उटणं का गं?" आणि जाताना दोन घेऊन गेली.

पुरुषांच्या हाओरीत, म्हणजे वरच्या आखूड अंगरख्यात, गंमत आत लपवलेली असते. बाहेरून काळा किंवा राखी, आत अस्तरावर फुजी पर्वत, वाघ, नौका. एदोच्या काळात सरकारने भपक्यावर बंधनं घातली तेव्हा लोकांनी भपका आत नेला, अशी त्याची कथा सांगतात. अशी अस्तरं मी मोठ्या आनंदाने बाहेर काढते. बिचारी बरीच वर्षं पाठीला चिकटून राहिलेली असतात. त्यात एकदा एक हाओरी उसवली आणि आत विमानं निघाली. राखी ढग, खाली धूर सोडणारी जहाजं, एका कोपऱ्यात तोफ, आणि सगळं इतक्या नाजूक छपाईत, की पहिल्यांदा मला ते पक्षी वाटले. १९३० च्या दशकात असं कापड पुष्कळ छापलं गेलं, मुलांच्या किमोनोंसाठीसुद्धा. नवजात मुलाला पहिल्यांदा देवळात नेताना त्याच्यावर विमानांचा किमोनो घालत.

याचं काय करायचं? उशी नाही, हे उघड होतं. टांगायचं तर भिंतीवर युद्ध. विकलं तर संग्राहक घेतात आणि चांगले पैसे देतात, हेही मला माहीत होतं, आणि ते ठाऊक असणंच मला नको होतं. उलटं करून एखाद्या पिशवीचं आतलं अस्तर करावं, म्हणजे ते पुन्हा होतं तसं आत जाईल, असाही विचार केला. शेवटी मी ते घडी घालून आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडे नेलं. त्या शिवणात माझ्या गुरू आहेत, आणि दर वर्षीच्या ८ डिसेंबरला मोडक्या सुयांचा निरोप घ्यायला त्यांच्याबरोबर मीही जाते. सुया मऊ तोफूत टोचतात, वर्षभर कठीण कापडात घुसल्या म्हणून. आजींनी चष्मा लावला, अस्तर उलगडलं, विमानांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावाचा होता असा. रेशीम चांगलं आहे हो हे." मग त्यांनी कडेला दातांनी एक चीर दिली आणि दोन्ही हातांनी ते सरळ धाग्याने फाडलं, एकदा, दोनदा, आवाज चांगला जिन्यापर्यंत गेला असेल. चार फडकी झाली. दोन त्यांनी ठेवली, दोन मला दिली, आणि सांगितलं, लाखेची ताटं कोरड्या सुती कापडाने पुसू नका, ओरखडे येतात, हे वापरा.